आपली बोली, आपले पाऊल

१९५८ सालची गोष्ट. युरोपात तीन वर्षे नाट्यकलेचा अभ्यास करून परतलेले एक तरुण दिग्दर्शक घरच्या माणसांना भेटण्यासाठी रायपूरला आले होते. ज्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले, तिच्याच मैदानावर त्या रात्री ‘नाचा’चा खेळ असल्याचे त्यांना कळले. रात्री सुरू झालेला तो खेळ पाहता पाहता उजाडले, तरी ते जागचे हलले नाहीत. अक्षरओळखही नसलेले ते नट हजारो माणसांना हसवत होते, रडवत होते आणि मध्येच एखाद्या प्रेक्षकाच्या बोलण्याला उत्तर देऊन पुन्हा आपल्या भूमिकेत शिरत होते. युरोपातील नामांकित नाट्यगृहांत पाहिलेल्या अभिनयापेक्षा हा अभिनय कमी प्रतीचा आहे, असे त्या दिग्दर्शकाला मुळीच वाटले नाही. खेळ संपताच ते नटांकडे गेले आणि दिल्लीला येऊन आपल्याबरोबर नाटक कराल का, असे त्यांनी विचारले. नट तयार झाले. त्या दिग्दर्शकाचे नाव हबीब तन्वीर.

त्या पहाटेच्या बोलण्यातून पुढे भारतीय रंगभूमीवरील एक मोठा प्रयोग उभा राहिला. परंतु तो लगेच यशस्वी झाला नाही. नटाला मोकळीक देणे म्हणजे नेमके काय करणे, हे कळण्यासाठी स्वतः तन्वीर यांना बारा-पंधरा वर्षे लागली.

हबीब अहमद खान यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे झाला. वडील मूळचे पेशावरचे. ‘तन्वीर’ हे नाव त्यांनी पुढे कविता लिहू लागल्यावर घेतले. त्या काळी रायपूर मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगड आणि नागपूर यांचे येणेजाणे चालत आलेले होते. त्यामुळे रायपूरच्या मुलाने पुढील शिक्षणासाठी नागपूरला जाणे ही नेहमीची वाट होती. तन्वीर यांनीही नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९४४ मध्ये पदवी घेतली आणि त्यानंतर अलीगढला काही काळ शिकून १९४५ मध्ये मुंबई गाठली.

मुंबईत त्यांनी आकाशवाणीवर काम केले, चित्रपटांसाठी गीते लिहिली, काही चित्रपटांतून भूमिकाही केल्या. त्याचबरोबर ते भारतीय जननाट्य संघात, म्हणजेच ‘इप्टा’मध्ये काम करू लागले. अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख हे याच काळात तमाशा आणि पोवाडा या लोककलांतून कामगारवस्तीतील माणसांशी बोलत होते. गावातून आलेला कलाप्रकार शहरातील प्रश्न मांडू शकतो, हे तन्वीर यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. चित्रपटाच्या धंद्यात नाव आणि पैसा मिळण्याची शक्यता होती. तरीही काही वर्षांतच त्यांनी मुंबई सोडली. आपल्याला जे सांगायचे आहे ते चित्रपटातून नव्हे, तर नाटकातून सांगता येईल, असे त्यांना वाटू लागले होते. चित्रपटात नटाचे काम अनेक हातांतून जाते. भांडवल एकाचे, दिग्दर्शन दुसऱ्याचे, कात्री तिसऱ्याची. नाटकात मात्र पडदा उघडल्यावर नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणी उभे राहू शकत नाही.

१९५४ मध्ये दिल्लीत त्यांनी ‘आग्रा बाजार’ हे नाटक केले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील कवी नझीर अकबराबादी यांच्या काव्यावर ते आधारलेले आहे. गंमत अशी की, खुद्द नझीर या नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाहीत. बाजारात सारेच मंदीने गांजलेले असतात. एका काकडीवाल्याच्या मनात येते की, आपल्या काकडीवर कोणी कविता करून दिली तर ती खपेल. थोरामोठ्यांचे कवी त्याला दाद देत नाहीत. शेवटी नझीर त्याला काकडीवर कविता रचून देतात आणि त्याचा माल खपू लागतो. हे नाटक जामिया मिलिया या शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी आणि जवळच्या ओखला गावातील रहिवासी यांना घेऊन बसवलेले होते. कला आणि पोट यांचे नाते तन्वीर यांच्या विचारांत पहिल्यापासून किती जवळचे होते, हे यावरून दिसते.

पुढच्याच वर्षी ते लंडनच्या प्रसिद्ध नाट्यशाळेत दाखल झाले. परंतु तेथील अभ्यासक्रम पुरा न करताच बाहेर पडले. या निर्णयामागचे त्यांचे म्हणणे लक्षात घेण्यासारखे आहे. भाषा उच्चाराशी बांधलेली असते आणि उच्चार शरीराच्या हालचालीशी. भाषा बदलली की माणसाचे उभे राहणे, वळणे, हात हलवणे, सारेच बदलते. ज्यांना भारतात जाऊन भारतीय भाषेत नाटक करायचे आहे, त्यांना इंग्रजी उच्चारांची घोटीव तालीम काय कामाची, असा त्यांचा प्रश्न होता. तेथून ते ब्रिस्टल येथे दिग्दर्शन शिकले आणि मग युरोपभर फिरले. १९५६ मध्ये ते बर्लिनला पोहोचले, तेव्हा ज्यांना भेटण्याची त्यांची इच्छा होती ते नाटककार ब्रेख्त नुकतेच निवर्तले होते. ब्रेख्त यांच्या संस्थेचे प्रयोग मात्र त्यांनी काही महिने तेथे राहून पाहिले. भाषेविषयी लंडनमध्ये सुचलेला विचार मायदेशी परतल्यावर ते स्वतःच काही काळ विसरले, असे पुढील हकीकतीवरून म्हणावे लागते.

येथे ‘नाचा’विषयी थोडे सांगायला हवे. मराठीत ‘नाच्या’ म्हटले की तमाशातील स्त्रीवेष घेऊन नाचणारा पुरुष डोळ्यांपुढे येतो. छत्तीसगडी भाषेत ‘नाचा’ हे संपूर्ण लोकनाट्यप्रकाराचेच नाव आहे. गाणे, नाच आणि ‘नकल’ म्हणजे छोटी विनोदी नाटुकली, यांची ती रात्रभर चालणारी गुंफण असते. तमाशातील सोंगाड्याप्रमाणे येथे ‘जोक्कड’ असतो. डोक्यावर लोटा तोलून नाचणारी ‘परी’ असते आणि ती भूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. नटांसमोर लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेले, पण संवाद त्या त्या रात्री सुचतील तसे. प्रेक्षक तीन बाजूंनी बसलेले असतात आणि त्यांच्या हसण्याकडे, टोमण्यांकडे पाहून नट आपले बोलणे लांबवतो किंवा आवरते घेतो.

या कलेला वळण देण्याचे मोठे श्रेय राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ दुलारसिंह मंदराजी यांना दिले जाते. ‘दाऊ’ म्हणजे छत्तीसगडमधील जमीनदार, मालगुजार. मालगुजाराच्या मुलाने नाचाच्या नादी लागणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. मंदराजींनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस गावोगावचे गुणी कलावंत जमवून रवेलीची मंडळी उभी केली, साथीला हार्मोनियम आणली आणि नकलांमधून अस्पृश्यता, जरठ-कुमारी विवाह यांसारख्या प्रथांवर बोट ठेवले. या छंदापायी घरची जमीन हळूहळू संपली. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याजवळ संपत्ती म्हणावी असे काही उरले नव्हते. आज छत्तीसगड शासन लोककलेसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार देते. तन्वीर यांच्याकडे गेलेल्या नटांपैकी काही जण आधी रवेलीच्याच मंडळीत घडलेले होते, ही गोष्ट नेहमी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी.

तर मदनलाल, ठाकूरराम, बाबूदास, भुलवाराम, जगमोहन आणि लालूराम असे सहा जण दिल्लीला गेले. तेथे शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकावरून ‘मिट्टी की गाडी’ हे नाटक बसवले जात होते. नाटक चांगले वठले. १९५९ मध्ये तन्वीर आणि मोनीका मिश्रा यांनी ‘नया थिएटर’ ही संस्था स्थापन केली. दोघांनी पुढे विवाह केला आणि संस्थेचा व्याप मोनीका यांनीही आयुष्यभर सांभाळला. पण तन्वीर यांना एक गोष्ट खटकत होती. रायपूरच्या मैदानावर जे नट वाघासारखे वावरत, ते दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून जात. त्यांचे तेज कोठे हरवते, हे कळेना.

कारणे दोन होती आणि दोन्ही दिग्दर्शकाच्या पद्धतीत होती, असे तन्वीर यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. पहिले कारण म्हणजे भाषा. या नटांची मातृभाषा छत्तीसगडी. त्यांना हिंदीत बोलायला लावले जात होते. परक्या भाषेचे शब्द सांभाळण्यातच त्यांची सारी शक्ती खर्च होई. दुसरे कारण म्हणजे हालचालींची आखणी. ‘या वाक्याला उजवीकडे तीन पावले, त्या वाक्याला डावीकडे वळायचे’, अशी युरोपात शिकलेली शिस्त तन्वीर त्यांना लावत होते. आयुष्यभर प्रेक्षकांच्या प्रतिसादावर पावले टाकणाऱ्या नटांना डावे-उजवे लक्षात ठेवणे जड जाई. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना आखीव हालचाल आणि पाठ केलेले वाक्य एकाच वेळी सांभाळायला लावणे म्हणजे त्यांचे हातपाय बांधून पोहायला सांगण्यासारखे होते.

दोष लक्षात आल्यावर तन्वीर यांनी पद्धतच उलटी केली. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी नटांना छत्तीसगडीत बोलू दिले. आखणी आधी न करता प्रसंग सांगून त्यांना सुचेल तसे करू दिले. त्यांनी जे केले त्यातून निवड करायची, त्याला आकार द्यायचा आणि मग ते पक्के करायचे, एवढे काम दिग्दर्शकाने आपल्याकडे ठेवले. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. मोकळीक याचा अर्थ वाटेल ते करणे असा नव्हता. रात्रभर चालणारा खेळ दोन तासांत बसवायचा, तर काटछाट करावीच लागते. ती कात्री दिग्दर्शकाच्या हातात होती. पण कापड नटांचे होते.

१९७३ मध्ये रायपूर येथे नाचाच्या कलावंतांचे एक मोठे शिबिर भरले. त्यातून जुन्या नकला एकत्र गुंफून ‘गांव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ हे नाटक तयार झाले. संपूर्ण नाटक छत्तीसगडीत होते. दिल्लीच्या प्रेक्षकांना ही भाषा कळेल का, अशी शंका घेतली जात होती. प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. जे नट परक्या भाषेत अडखळत होते, ते आपल्या भाषेत बोलू लागताच परक्या प्रेक्षकांनाही समजू लागले. लंडन सोडताना तन्वीर यांनी जे म्हटले होते, ते सिद्ध व्हायला रायपूरचे नट लागले.

यानंतर आले ‘चरणदास चोर’. राजस्थानी लेखक विजयदान देथा यांनी लिहिलेल्या एका कथेवरून हे नाटक रचले गेले. त्याचे पहिले, अपुरे रूप भिलाई येथे मोकळ्या मैदानावर सतनामी पंथाच्या लोकांसमोर सादर झाले होते. सत्यालाच ईश्वर मानणारा हा पंथ. १९७५ मध्ये नाटक पूर्ण रूपात आले.

चरणदास हा चोर असतो. गुरूसमोर तो थट्टेने चार प्रतिज्ञा करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही आणि राजा होणार नाही. चोराच्या नशिबी हे कोठून येणार, असा त्याचा हिशेब. गुरू मात्र त्याच्याकडून पाचवी प्रतिज्ञा करून घेतात : कधी खोटे बोलणार नाही. पुढे खरोखरच सोन्याचे ताट येते, हत्ती येतो, राणी लग्नाची मागणी घालते आणि तिच्याबरोबर राज्यही चालून येते. चरणदास प्रत्येक गोष्टीला नकार देतो. निदान ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, अशी विनवणी राणी करते. परंतु खोटे न बोलण्याच्या प्रतिज्ञेमुळे तो तेही वचन देऊ शकत नाही आणि प्राणाला मुकतो. जे जे यश म्हणून समोर येते ते सारे नाकारूनही ज्याचा शब्द त्याच्याच मालकीचा राहतो, असा हा नायक. छत्तीसगडच्या शेतकरी-मजूर घरांतील नटांनी तो असा काही उभा केला की, त्यात अभिनय कोणता आणि अनुभव कोणता हे वेगळे करणे कठीण व्हावे.

त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी या कथेवर लहान मुलांसाठी चित्रपट काढला. त्यात लालूराम चरणदास झाले आणि राणीची भूमिका स्मिता पाटील यांनी केली. १९८२ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील नाट्यमहोत्सवात ‘चरणदास चोर’ला पुरस्कार मिळाला. ज्यांना दिल्लीची हिंदी जड जात होती, त्यांची छत्तीसगडी आता परदेशात ऐकली जात होती.

तन्वीर यांना पद्मश्री, पद्मभूषण असे सन्मान मिळाले. १९७२ ते १९७८ या काळात ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. लोककलेचे रूप उचलून आपले नाटक सजवणे हा आपला हेतू कधीच नव्हता, आपण रूपांच्या मागे नव्हे तर लोककलावंतांच्या मागे गेलो, असे ते म्हणत. त्यांचे हे म्हणणे त्यांच्या कामाशी जुळते. तरीही एक प्रश्न उरतो. वृत्तपत्रांतून आणि पुस्तकांतून नाव झाले ते मुख्यतः दिग्दर्शकाचे. ठाकूरराम, मदनलाल, भुलवाराम ही नावे रंगभूमीच्या अभ्यासकांपुरतीच राहिली. संस्थेने कलावंतांना मासिक वेतन देण्याची व्यवस्था केली आणि लोककलावंताला असा आधार मिळणे दुर्मीळ होते, हे खरे. पण ते वेतन सरकारी अनुदानावर अवलंबून असे आणि म्हातारपणाची तरतूद त्यातून होण्यासारखी नव्हती.

स्त्री कलावंतांच्या वाट्याला आलेला संघर्ष आणखी वेगळा होता. नाचामध्ये स्त्रीच्या भूमिका पुरुष करीत असल्यामुळे स्त्रियांना तेथे जागाच नव्हती. गाणे-नाचणे हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, अशा देवार समाजातील फिदाबाई मरकाम ‘नया थिएटर’मध्ये आल्या आणि ‘चरणदास चोर’मधील राणी म्हणून गाजल्या. समाजाने ज्या कामासाठी या स्त्रियांना हलके लेखले, त्याच कामासाठी प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांचीही कहाणी या संदर्भात आठवते. १९५६ मध्ये जन्मलेल्या तीजनबाई पारधी समाजातल्या. आजोबांच्या तोंडून महाभारताच्या कथा ऐकत त्या पंडवानी गाऊ लागल्या. वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्याचे त्यांना दहा रुपये मिळाले. त्या काळी स्त्रीने पंडवानी गायची तर बसून, असा रिवाज होता. उभे राहून, अभिनयासह गाण्याची कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. तीजनबाईंनी उभे राहून गायला सुरुवात केली. हातातील तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य. याची किंमत त्यांना समाजाबाहेर राहून मोजावी लागली. झोपडी बांधून त्या एकट्या राहिल्या, शेजाऱ्यांकडून भांडी आणि धान्य मागून दिवस काढले. पण गाणे सोडले नाही. हबीब तन्वीर यांनी त्यांचे गाणे ऐकले आणि त्यांची कला मोठ्या व्यासपीठांपर्यंत पोहोचली. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांना नोकरीही मिळाली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्यांना विद्यापीठांनी सन्माननीय पदव्या दिल्या.

यशामुळे कलावंताची वाट निर्वेध होतेच असे नाही. ‘पोंगा पंडित’ ही नाचामध्ये अनेक वर्षे चालत आलेली, अस्पृश्यतेवर टीका करणारी नकल. १९९० नंतरच्या दशकात आणि पुढेही काही संघटनांनी धर्माचा अपमान होतो असा आक्षेप घेऊन तिचे प्रयोग उधळण्याचा प्रयत्न केला. तन्वीर त्या वेळी सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी प्रयोग थांबवले नाहीत. ८ जून २००९ रोजी भोपाळ येथे त्यांचे निधन झाले आणि दोनच महिन्यांत, सतनामी समाजातील काही धुरीणांनी आक्षेप घेतल्यावरून, ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर छत्तीसगडमध्ये बंदी घालण्यात आली. जे नाटक पहिल्यांदा सतनामी श्रोत्यांपुढेच उभे राहिले, त्याच्या वाट्याला हे आले.

त्याच २००९ साली गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री मिळाली. राजनांदगावजवळच्या मोहारा गावचे गोविंदराम नाचातून ‘नया थिएटर’मध्ये आले आणि चरणदासाच्या भूमिकेने देश-विदेशांत ओळखले गेले. ‘आग्रा बाजार’मध्येही ते काम करीत. परंतु त्यांची अखेरची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनात औषधोपचार भागत नसे. सन्मान आणि चरितार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वृत्तपत्रांतून त्यांच्या हलाखीच्या बातम्या येऊ लागल्यावर अनेकांच्या ध्यानात आले. २०१४ च्या जुलै महिन्यात रायपूर येथे त्यांचे निधन झाले. सोन्याच्या ताटाला हजार वेळा नकार देणारा तो नट, ज्या शहरातील मैदानावर १९५८ साली ही सारी कहाणी सुरू झाली होती, त्याच शहरात शेवटी उपचार घेत होता.